‘हुश्श’ म्हणायला शिकवणारं यंत्र

दहावीचा निकाल लागायला दहा मिनिटं उरली आहेत. किंवा ऑफिसमधून ‘ताबडतोब फोन करा’ असा मेसेज आला आहे. किंवा रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि बाहेर गेलेली लेक फोन उचलत नाही. अशा वेळी तुमच्या शरीराचं काय होतं, ते आठवून पाहा. छाती धडधडते, तळहातांना घाम येतो, बोटं गार पडतात, श्वास वरच्या वर चालतो. त्यात घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘‘अगं, शांत हो ना जरा!’’ आणि डोकं आणखीनच तापतं.

तापणारच. कारण शांत व्हायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे कुणी सांगत नाही. ‘हळू धडधड’ असं हृदयाला सांगून ते ऐकत नाही. घामही आपल्या सांगण्याने थांबत नाही. या सगळ्या गडबडीत आपल्या हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे श्वास. तो आपोआपही चालतो आणि आपण ठरवलं तर आपलंही ऐकतो.

शरीर काय सांगतंय, ते दाखवणारी यंत्रं

शरीरात चाललेली हालचाल यंत्राने मोजायची, ती लगेच आपल्याला दाखवायची आणि ती पाहत पाहत आपण तिच्यात बदल करायला शिकायचं, याला बायोफीडबॅक म्हणतात. पूर्वी यासाठी प्रयोगशाळेतली मोठी उपकरणं लागायची. आता हे काम तळहातावर मावणारी यंत्रंही करतात.

‘ईएमवेव्ह’ नावाच्या छोट्या यंत्रावर अंगठा ठेवला की ते नाडी वाचतं आणि तिच्या लयीनुसार लाल, निळा किंवा हिरवा दिवा लावतं. ‘स्ट्रेस इरेझर’मध्ये बोट ठेवलं की पडद्यावर नाडीची लाट उमटायची आणि श्वास कधी सोडायचा याची खूण दिसायची. ‘रेस्पिरेट’मध्ये छातीला पट्टा आणि कानाला हेडफोन लावतात. त्यातले सूर श्वास सोडण्याचा वेळ हळूहळू लांबवत नेतात. उच्च रक्तदाबावर नेहमीच्या उपचारांच्या जोडीला वापरायला अमेरिकेत २००२ साली या यंत्राला परवानगी मिळाली. आज अनेक स्मार्ट घड्याळांतही श्वासाचा सराव करून घेणारी सोय असते.

यंत्रं वेगवेगळी असली तरी शिकवतात एकच गोष्ट : श्वास सावकाश करा आणि सोडताना जास्त वेळ घ्या.

याने नेमकं काय होतं?

आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित जलद होतात. श्वास सोडताना ते मंदावतात, कारण त्या वेळी व्हेगस नावाची नस हृदयाला लगाम घालते. श्वास जितका सावकाश, तितका हा चढउतार मोठा आणि लयबद्ध होतो. नाडी वाचणारं यंत्र नेमका हाच चढउतार मोजतं.

विश्रांतीत आपण मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. तो वेग सहाच्या आसपास आणला की बहुतेक मोठ्या माणसांत श्वास आणि ठोक्यांचा ताल छान जुळतो. इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी लोकांवर केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना असो की ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला. आपल्याकडे लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं, तेही योग आणि प्राणायाम विज्ञानाच्या कसोटीवर तपासण्यासाठीच.

आणि आपली मराठी? काळजी मिटली, जीव भांड्यात पडला की आपण ‘हुश्श’ म्हणतो. एकदा म्हणून पाहा. तो लांब सोडलेला श्वासच आहे!

यंत्राशिवाय आजच करा

खुर्चीत किंवा भिंतीला टेकून बसा. एका हाताची तीन बोटं दुसऱ्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा आणि नाडी शोधा. आता मनात चार मोजत नाकाने श्वास घ्या, सहा मोजत सोडा. एका श्वासाला १० सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. श्वास सोडताना नाडी जरा रेंगाळते का, ते बघा. लहान मुलांना आणि तरुणांना हा फरक चटकन जाणवतो. वय वाढतं तसा तो कमी होतो, त्यामुळे आजोबांना नाही जाणवला तर घाबरू नका.

चार-सहा जमत नसेल तर तीन-चारने सुरुवात करा. श्वास सावकाश हवा, छाती फुगवून ओढलेला नको. फार खोल श्वास घेतले की चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तसं झालं तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. रोज पाच मिनिटं पुरे. डोकं ठिकाणावर असतानाच सराव करा, म्हणजे ऐन वेळी तो कामी येतो.

मग यंत्र घ्यायचं का?

डोळ्यांना दिसल्याशिवाय विश्वास बसत नाही, असा तुमचा स्वभाव असेल तर यंत्राची मदत होते. ‘मी श्वास सोडला आणि दिवा हिरवा झाला’, हे पाहून हुरूप येतो. विशेषतः मुलांना हा खेळ आवडतो. पण सायकलच्या मागची छोटी चाकं जशी तोल आला की काढून टाकतो, तसंच याचं आहे. श्वास अंगवळणी पडला की यंत्र कपाटात गेलं तरी चालेल.

एक धोका मात्र ओळखा. आकडाच नवं टेन्शन होऊ शकतो. ‘काल ६० होता, आज ४५ कसा?’ असं वाटायला लागलं तर यंत्र बाजूला ठेवा. बोटं गार असणं किंवा हात हलणं एवढ्यानेही आकडा बदलतो. शेजारणीच्या आकड्याशी तर तुलना नकोच. ठोके अनियमित असतील, पेसमेकर असेल किंवा ठोके मंद ठेवणारं औषध चालू असेल, तर हे आकडे भरवशाचे नसतात.

हे विसरू नका

बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका. छातीत दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येणं, दरदरून घाम फुटणं याला ‘टेन्शन आहे, श्वास घेतला की जाईल’ असं म्हणत बसू नका. तडक हॉस्पिटल गाठा. दमा किंवा हृदयविकार असेल, दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा आणि श्वास कोंडून धरू नका. गाडी चालवताना हा सराव करायचा नाही.

श्वासाने कर्ज फिटत नाही आणि घरातला अबोलाही सुटत नाही. पण उत्तर देण्याआधी, फोन उचलण्याआधी, मुलावर हात उगारण्याआधी थोडी उसंत मिळते, आणि कितीतरी वेळा तेवढीच हवी असते. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर मात्र एकट्याने श्वास मोजत बसू नका. ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र कधीही मराठीत बोलता येतं.

आज रात्री झोपण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी मिळून पाच मिनिटं करून पाहा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, मोजायचं काम सगळ्यात धाकट्याला द्या.