धुळ्याच्या एका पक्षाचा ताळेबंद

मेहरूणच्या तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा निवृत्तांच्या टोळक्यात परवा राजकारण निघाले. हल्ली प्रत्येक पक्ष फुले-आंबेडकरांचे नाव घेऊनच मते मागतो, अशी तक्रार एकाने केली. मला धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील आठवले. मार्क्सच्या शेजारी फुले आणि आंबेडकर यांना बसवण्याचा हट्ट या माणसाने धरला, तेव्हा डाव्यांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. त्यांचा सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष टोळक्यातल्या दोघांनाच ठाऊक होता. जळगावहून धुळे ते केवढे लांब!

पाटील १९७८ साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडले. जात हा आर्थिक पायावरचा इमला, पाया हलला की तो आपोआप कोसळेल, ही डाव्यांची समजूत त्यांना मान्य नव्हती. त्याच वर्षी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. इमला किती भक्कम आहे हे दिसायला आणखी कोणता पुरावा हवा होता? नव्या पक्षाने नामांतराची बाजू घेतली आणि वर्गाबरोबर जातिअंताचा व स्त्रीमुक्तीचा प्रश्न कार्यक्रमात आणला.

या पक्षाशी माझी गाठ पडली ती पुस्तकातून नव्हे, बँकेच्या काउंटरवर. १९८५ च्या सुमारास मी साक्री तालुक्यात एका शाखेत होतो. एक कोकणा शेतकरी पीककर्ज मागायला आला. सातबारा विचारला, तर त्याने फडक्यात बांधलेला गठ्ठा सोडला. वनखात्याने केलेल्या दंडाच्या पावत्या, वर्षावर्षाच्या. जमीन आपण कसतो याचा त्याच्यापाशी तेवढाच कागद होता आणि त्यावर तो गुन्हेगार ठरत होता. मी नियमाप्रमाणे अर्ज परत केला. सोबत आलेला पक्षाचा तरुण कार्यकर्ता भांडला नाही. 'पावत्या जपून ठेवा', एवढेच त्या शेतकऱ्याला म्हणाला. मला ते भांडणापेक्षा जास्त लागले.

साक्री-नवापूरच्या पट्ट्यात पक्ष उभा राहिला तो या पावत्यांवर. शेजारी शहाद्यात १९७२ पासून श्रमिक संघटनेने भिल्लांना उभे केले होते, त्यामुळे जमीन तापलेली होतीच. नजुबाई गावितांसारखी आदिवासी स्त्री पुढारपणही करते आणि कादंबरीही लिहिते, हे इतर कोणत्या पक्षात फारसे दिसले नसते.

पण एकाच पक्षात दोन पक्ष नांदत होते. एक वनजमिनीच्या पट्ट्याचा, दुसरा पाणिनीचा. पाटील बडोद्याला जाऊन संस्कृत व्याकरण शिकले आणि 'दास-शूद्रांची गुलामगिरी' लिहून इतिहासाच्या पंडितांना त्यांच्याच आखाड्यात भिडले. हे काम थोरच. मात्र 'मार्क्सवाद-फुले-आंबेडकरवाद' कार्यकर्त्यांच्या तोंडी रुळतो न रुळतो तोच पाटील दिङ्नाग-धर्मकीर्तीकडे वळले आणि 'सौत्रांतिक मार्क्सवाद' मांडू लागले. मला त्यात वैचारिक प्रामाणिकपणा दिसतो. पण दिवसभर तहसील कचेरीत ताटकळलेल्या माणसाने रात्री बौद्ध तर्कशास्त्र वाचावे, ही अपेक्षा अंमळ जास्तच होती. शिवाय पक्षात सिद्धांत मांडणारा एकच आणि बाकीचे ऐकणारे. असा पक्ष त्या एकाच्या प्रकृतीवर जगतो. मतभेद झाले, माणसे निघून गेली. १२ एप्रिल २०१४ रोजी पाटील गेले, तेव्हा पक्ष आधीच ओसरला होता.

दरम्यान २००६ साली वनहक्क कायदा झाला. कालपर्यंतच्या अतिक्रमणदाराला दावेदार म्हणून उभे राहता आले, आणि त्याच्या मागे सगळेच पक्ष हजर झाले! सत्यशोधक शेतकरी सभेसारख्या संघटना हे काम करीत राहिल्या. लढाई उरली, पण तिच्यासाठी पक्षाचीच गरज उरली नाही.

मध्यंतरी पिंपळनेरला गेलो असता तो कार्यकर्ता भेटला. आता साठीचा. त्याच्या पत्र्याच्या पेटीत दाव्यांच्या झेरॉक्स होत्या, तळाशी पाटलांची जाड पुस्तके. 'साहेब, यातली निम्मी वाचायची राहिली', तो ओशाळून म्हणाला. मग एक फाइल काढून सांगू लागला, की दावा मंजूर झाला चार एकरांचा, आणि कागदावर आली जेमतेम दीड एकर. अपील कोणाकडे करायचे ते त्याला तोंडपाठ होते.