टोपलीपाशी थांबलेली बुद्धी

रस्त्यावर जो तगला तोच खरा बुद्धिमान, असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. हे अर्धसत्य आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरातील पाच विक्रेत्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. पस्तीसला एक, तर दहा नारळांचे किती, असे हिशेब ती बाजारात तोंडी करीत. तेथे त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तशीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने विचारताच अवघी ३७ टक्के. अशा मुलांवर ‘ढ’ हा शिक्का मारणाऱ्या शाळेने आधी स्वतःची परीक्षा द्यावी!

परंतु रस्त्याचे गोडवे गाणाऱ्यांनीही थोडे थांबावे. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. विक्रीचा हिशेब चोख, पण शालेय उदाहरणांपाशी गाडी अडते, हेच तेथेही आढळले. शिवाय तगणे हीच कसोटी मानली, तर जी तगली नाहीत ती मुले मंदबुद्धी होती काय? भूक आणि रोगराई बुद्धी पाहून घाला घालीत नाहीत.

जगण्याची धडपड हा बुद्धीचा एक आविष्कार होय, तिचे मोजमाप नव्हे. मुलाची पाठ थोपटून त्याला टोपलीपाशीच बसवून ठेवणे हा गौरव नव्हे. तो आपल्या सोयीचा अन्याय आहे.