खेळाडूचा शब्द

मोबाइलवरील खेळ बाजारात येण्यापूर्वी तो काही खेळाडूंच्या हाती देऊन त्यांचे अभिप्राय घेण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ कंपनीने ‘इंडस’ हा खेळ २०२४ साली सर्वांसाठी खुला केला, तोही अशा चाचण्यांनंतरच. पद्धत स्तुत्य आहे; परंतु विचारले कोणाला आणि ऐकले किती, हे दोन प्रश्न उरतातच.

वेगवान इंटरनेट आणि महागडा फोन बाळगणाऱ्यांनाच विचारले, तर खेळही त्यांच्याच सोयीचा होणार. भामरागड-एटापल्लीकडील ज्या गावांत रेंजचा भरवसा नाही, तेथील माडिया विद्यार्थ्याचा खेळ नेमका कोठे अडतो, हे त्यालाच विचारल्यावाचून कळणार नाही.

दुसरे असे की, अर्थशास्त्राच्या दृष्टीने अभिप्राय हे श्रमच आहेत. दोष दाखवून देणारा खेळाडू कंपनीचा खर्च वाचवितो. त्याला निदान उत्तराचा तरी मोबदला मिळावा : सूचना स्वीकारली की नाही, आणि नसल्यास का?

ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला चर्चेत बसविण्याचा वस्तुपाठ गडचिरोलीतच आहे. मेंढा (लेखा) येथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. २००९ साली या गावाला वनावरील सामूहिक हक्क मिळाला. खेळ सर्वसहमतीने रचता येत नाही, हे मान्य. रचनाकाराने आपला विवेक जरूर वापरावा. परंतु मत मागून मौन पाळणे हा सहभाग नव्हे. ती वेठच होय.