ताप उतरला, लगेच मैदानात? व्हायरल तापाचा हृदयाच्या ठोक्यांवर काय परिणाम होतो

परतूर हे जालना-परभणी रेल्वेमार्गावरचं तालुक्याचं गाव. मराठवाड्यातल्या अशा कुठल्याही गावात पहाटे चक्कर मारली, तर पोलीस भरतीसाठी धावणारी मुलं-मुली दिसतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. काही सेकंद वाचले की गुण वाढतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर याच भागात डेंग्यू आणि व्हायरल ताप डोकं वर काढतात. अनेक जण ताप उतरला की दुसऱ्याच दिवशी पुन्हा धावायला जातात. डॉक्टर याच घाईबद्दल सावध करतात.

हृदयात नेमकं काय होतं?

काही विषाणू हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचतात. कॉक्सॅकी, फ्लू, कोरोना आणि कधीकधी डेंग्यूचाही त्यात समावेश होतो. विषाणू पेशींना इजा करतो. त्याला रोखण्यासाठी रोगप्रतिकारक पेशी धावून येतात आणि सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. त्यातून स्नायूला सूज येते. यालाच मायोकार्डिटिस म्हणतात. बहुतेकांमध्ये ती सौम्य असते आणि आपोआप बरी होते. काहींमध्ये मात्र विषाणू गेल्यावरही सूज राहते.

ठोके का बिघडतात?

सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियमचे कण पेशींच्या आत-बाहेर जातात, त्यातून हृदयाची वीज तयार होते. ती एका पेशीतून दुसरीत ठरलेल्या क्रमाने पसरते, म्हणून ठोका लयीत पडतो. सूज आलेल्या भागात हा प्रवाह मंदावतो किंवा अडतो. वीज तिथेच गोल फिरत राहिली, तर ठोके अचानक प्रचंड वेगाने पडू लागतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जाणारा संदेश अडला, तर ठोके फार मंद होतात. सूज ओसरल्यावर व्रण राहिला, तर पुढेही धोका राहू शकतो.

डेंग्यूतून बरं होताना नाडी काही दिवस मंद राहणं नेहमीचं आहे. ती बहुधा आपोआप सुधारते. पण चक्कर येत असेल, तर दुर्लक्ष करू नये.

मग धावण्याचा संबंध काय?

जोरात धावताना अ‍ॅड्रेनालिन वाढतं आणि हृदयाला जास्त काम करावं लागतं. सुजलेल्या स्नायूला हा ताण झेपत नाही आणि लय बिघडू शकते. म्हणून मायोकार्डिटिसचं निदान झालेल्यांना साधारण 3 ते 6 महिने जोरदार व्यायाम बंद ठेवायला सांगतात आणि तपासणी करूनच परत परवानगी देतात.

लसीमुळे होतं का?

तरुणांच्या अचानक मृत्यूचे व्हिडिओ आले की हा मेसेज फिरतोच. आयसीएमआरने 18 ते 45 वयाच्या, वरवर निरोगी व्यक्तींच्या 729 अचानक मृत्यूंचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध केला. लसीमुळे धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. कोरोनासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, घरात अचानक मृत्यूचा इतिहास, अति मद्यपान, नशा आणि मृत्यूआधीच्या 48 तासांतला अति जोरदार व्यायाम यांच्याशी मात्र संबंध दिसला. फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लसींनंतर तरुण मुलांमध्ये मायोकार्डिटिसची क्वचित प्रकरणं नोंदवली गेली, हे खरं. पण भारतात प्रामुख्याने कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन दिल्या गेल्या. त्या एमआरएनए प्रकारच्या नाहीत.

काय लक्षात ठेवायचं?

ताप असताना धावू नका. ताप गेल्यावर आधी काही दिवस नुसतं चाला, मग हळूहळू वेग वाढवा. छातीत दुखणं, धडधड, थोड्या श्रमाने धाप, पायांवर सूज किंवा चक्कर जाणवली, तर ईसीजी काढून घ्या. गरज पडल्यास डॉक्टर ट्रोपोनिनची रक्ततपासणी आणि टूडी इको सांगतात. भोवळ येऊन कुणी कोसळलं, तर लगेच 108 ला फोन करा. तो श्वास घेत नसेल, तर छाती दाबायला सुरुवात करा. डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नका.

खरी अडचण वेगळीच आहे. डॉक्टर थांबायला सांगतात, पण भरतीची तारीख थांबत नाही. खुल्या प्रवर्गात वयोमर्यादा 28 वर्षं, त्यामुळे एक संधी हुकणंही महागात पडतं. म्हणून आजारी उमेदवाराला मैदानी चाचणीसाठी पुढची तारीख मिळण्याची सोय किती सोपी आहे, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे.