सूर्यास्तापासून मागे मोजावे

सहलीचा आराखडा आपण बहुधा निघण्याच्या वेळेपासून आखतो. गतवर्षी मीही तेच केले. डोंगरभटकंतीची आवड असलेल्या २० जणांना पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेले. तेथून पानशेतच्या वाटेवर तंबूंत मुक्काम ठरला होता. दिनकर केळकरांनी अकाली निवर्तलेल्या पुत्राच्या, राजाच्या, स्मृतीस वाहिलेल्या त्या संग्रहातील दिवे, अडकित्ते, कुलपे पाहताना कोणाचा पाय निघेना. मुक्कामी पोहोचेपर्यंत अंधार पडला. खुंट्या चाचपडत ठोकल्या आणि सूर्यास्तानंतर अन्न न घेणारे दोन ज्येष्ठ उपाशी निजले. दोष सर्वस्वी माझा होता.

यंदा हिशेब उलट मांडला. डिसेंबरात पुण्यात सूर्य ६ च्या सुमारास मावळतो. म्हणून भोजन ५ वाजता, चूल ४ वाजता, तंबू ३ वाजता आणि संग्रहालयातून प्रस्थान १ वाजता. जागामालकाची संमती व पिण्याच्या पाण्याची सोय आठवडाभर आधीच पक्की केली.

संग्रहालयातील वेळ घटला, तरी पाहणे उणावले नाही. प्रत्येक जोडीला एकच वस्तू नेमून दिली : दिवा हातात धरायचा की टांगायचा, तेल कोठे राहते, वात कशी सरकते? रात्री तंबूसमोर ज्याने त्याने आपले निरीक्षण सांगितले. गतवर्षीचे ते दोन ज्येष्ठ सर्वांत अधिक बोलले.

मुदतीचे महत्त्व व्यापारी घरांस काय सांगावे? सूर्य मात्र मुदतवाढ देत नाही, एवढेच ध्यानी असावे.