मंदिराची पात्रे कोणी नेली?

यरुशलेमच्या मंदिरातली पवित्र पात्रे कोणी लुटली, असे विचारले की उत्तर तयार असते: बाबेलच्या नबुखद्नेस्सराने. पाठोपाठ दानीएलाच्या ग्रंथातली मेजवानी आठवते. बेलशस्सर त्या पात्रांतून द्राक्षारस पितो आणि भिंतीवर बोटे लिहू लागतात. रेम्ब्रांटने रंगवला तो हाच क्षण. परका राजा, त्याचा माज, त्याची शिक्षा. बहुतेकांच्या लेखी कथा इथेच संपते. हे मत खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे हिब्रू शास्त्राने स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि ते वाचायचे टाळणे म्हणजे त्या शास्त्रावर अन्याय करणे होय.

राजांचे ग्रंथ उघडावेत. बाबेलचे सैन्य येण्याआधी तीनेकशे वर्षे हे भांडार रिकामे होतच होते. पहिला हात मिसरचा राजा शिशक याचा. त्याने शलमोनाच्या सोन्याच्या ढालीही नेल्या. शलमोनाचा मुलगा रहबाम याने त्यांच्या जागी पितळी ढाली घडवल्या. राजा मंदिरात निघाला की पहारेकरी त्या मिरवत आणि नंतर चौकीत परत ठेवून देत. पुढे यहूदाच्या आसा राजाने मंदिरातले उरलेसुरले सोने-रुपे अरामच्या राजाकडे धाडले, ते त्याने उत्तरेच्या इस्राएलवर, म्हणजे भावकीवरच, चालून जावे म्हणून! त्याच इस्राएलच्या योआशाने नंतर यरुशलेमचा तट पाडून मंदिरातली पात्रे उचलून नेली.

यहूदाच्याच आहाज राजाने केले ते डोळ्यांपुढे आणून पाहावे. दहा हात रुंदीचा पितळी गंगाळसागर, म्हणजे पाण्याचे भले मोठे पात्र, बारा पितळी बैलांच्या पाठीवर उभा होता. आहाजाने तो बैलांवरून उतरवला आणि दगडी फरशीवर ठेवला. अश्शूरच्या राजापायी हे घडले, असे ग्रंथ सांगतो. एकही शत्रू तेव्हा मंदिराच्या अंगणात शिरलेला नव्हता.

यावर कोणी म्हणेल, राज्य टिकले तरच मंदिर टिकेल; संकटात राजाने दुसरे काय करावे? हा आक्षेप मी हलका मानत नाही. इसवी सनापूर्वी 701 मध्ये हिज्कीयाने आपणच मढवलेल्या मंदिराच्या दारांचे सोने खरवडून अश्शूरच्या सन्हेरीबाला दिले आणि शहर वाचले. तीस किक्कार सोन्याचा आकडा सन्हेरीबाच्या स्वतःच्या लेखातही आहे. पण हिज्कीया हा ग्रंथकाराचा लाडका, धर्मशील राजा. इतिहासाच्या ग्रंथाने ही खंडणी गाळली, राजांच्या ग्रंथाने गाळली नाही. आपल्या माणसाचे नावही लुटीच्या हिशेबात मांडायला जे धैर्य लागते, ते मला मोलाचे वाटते.

इसवी सनापूर्वी 597 मध्ये पात्रे बाबेलला गेली. त्यानंतर काही वर्षांनी हनन्या संदेष्टा भर मंदिरात म्हणाला, दोन वर्षांत सारी परत येतील. लोकांना हेच ऐकायचे होते. संदेष्टा यिर्मया आधी ‘आमेन’ म्हणाला, कारण त्यालाही ती परत यायला हवी होती. पण उरली आहेत तीही जातील, हे त्याचे बोलणे त्याने मागे घेतले नाही. पहिली पात्रे गेल्यापासून अकराच वर्षांत बाबेलच्या सैनिकांनी गंगाळसागराचे तुकडे करून नेले. पात्रांवर खरे प्रेम कोणाचे होते, हनन्याचे की यिर्मयाचे?

पुढे पारसाचा राजा कोरेश याने पात्रे परत दिली, तेव्हा त्याचा खजिनदार मिथ्रदाथ याने ती यहूदाचा सरदार शेशबस्सर याला मोजून दिली. एज्राच्या ग्रंथात एकूण 5400 म्हटले आहे, पण यादीतले आकडे मिळवले तर 2499 भरतात. यावरून यादीच बनावट ठरवणारे आहेत. बनावट करणारा आधी बेरीज जुळवतो, एवढेच त्यांना सांगावेसे वाटते.

पुढे एज्राने नवी देणगी नेली, तेव्हा बारा याजकांच्या हाती सोने-रुपे तोलून दिले आणि यरुशलेमात पोचल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा तोलून घेतले. सगळे वजन तिथल्या तिथे लिहून ठेवले. त्या यादीत चकाकत्या पितळेची दोन पात्रेही आहेत. ती पितळेचीच म्हणून नोंदली आहेत, आणि पुढे लिहिले आहे की त्यांचे मोल सोन्याइतके होते.