छोट्या ट्रॅक्टरला किती फुटी पाते?



खोडवे तुटून रान मोकळे झाले की आमच्या शेतकी ऑफिसात चौकशीची वर्दळ वाढते. पूर्वी लोक बेण्याचे विचारीत, खताच्या पोत्यांचे विचारीत. हल्ली एक प्रश्न हटकून येतो. "साहेब, छोटा ट्रॅक्टर घेतलाय, मागं लेव्हलिंगचं ब्लेड किती फुटी घेऊ?" बहुतेक वेळा विचारणाऱ्याने ब्लेड आधीच अंगणात आणून टाकलेले असते, आणि तेही सात फुटी. तो आमच्याकडे फक्त होकार घ्यायला आलेला असतो. तो होकार आम्ही देत नाही, म्हणून काही मंडळी नाराज आहेत. त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी अजून पैसे मोजले नाहीत त्यांच्यासाठी, हे लिहीत आहोत.

आमचे मत स्पष्ट आहे. १८ ते २७ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला ५ फुटी पाते पुष्कळ झाले. मागच्या दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर टेपने मोजा. पाते तिरके केल्यावरही चाकांची चाकोरी त्याने पुसली पाहिजे, एवढाच हिशेब. ५ फुटी पाते ३० अंश तिरके केले की त्याची खरी ओळ ४ फूट ४ इंच उरते. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांना ती पुरते. त्याहून रुंद पाते भरले की चाके जागच्या जागी फिरतात, डिझेल जळते आणि मालक ट्रॅक्टरला शिव्या देतो. रुंदीत वाचलेले पैसे वजनात घाला. हलक्या पत्र्याचे सात फुटी पाते कडक रानावरून नुसते घसरत जाते. मात्र लिफ्टला किती वजन झेपते ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात बघून घ्या. पाते उचलल्यावर पुढची चाके हलकी वाटली तर पुढे वजने लावावीच लागतील.

दुकानात गेल्यावर रंग बघू नका, पिना बघा. छोट्या ट्रॅक्टरची जोडणी बहुधा एक नंबर कॅटेगरीची असते: खालच्या पिना सात सूत, वरची सहा सूत. मोठ्या ट्रॅक्टरच्या पात्याला नऊ सूत आणि एक इंच. बुश घालून "बसवून देतो" म्हणणारे भेटतात. बसते, पण खडखडते. पाते फिरवण्याची जी चकती असते तिची पिन हाताने हलवून पाहा. नवीनच ढिली असेल तर दोन हंगामांत काय होईल? खालची धारपट्टी बोल्टची असावी, म्हणजे झिजली की उलटवता येते, पुढे बदलता येते. वेल्डिंगने डकवलेली नको.

आता वापराचे. मोठा घोळ इथे आहे.

आपल्या वडिलांनी केणीने रान केले. बैल दमले की केणी थांबे, त्यामुळे माती किती हलवायची याचा अंदाज माणसाला आपोआप असे. ट्रॅक्टर दमत नाही. एका एकरावरची एक इंच माती म्हणजे ३६ ब्रास भरते, हे हिशेब करून पाहा. मागच्या पात्याला कडेच्या भिंती नसतात, माती दोन्ही बाजूंनी सांडते. दहा-वीस फूट ओढायला ते चांगले, रानाच्या एका टोकाची माती दुसऱ्या टोकाला न्यायला नव्हे. दीड-दोन फुटांची उतरण मोडायची असेल तर डोझर भाड्याने आणा किंवा रानाचे दोन तुकडे पाडा. ब्लेडने दोन महिने तेच काम करीत बसलेला सभासद आम्ही पाहिला आहे.

कडक रान आधी कल्टिव्हेटरने मोकळे करा, ढेकळे फोडा, पाचट काढा, मग पाते लावा. टॉप लिंक लांबवली की धार पुढे सरून माती खणते. आखडली की पात्याचा माथा पुढे झुकतो आणि धार नुसती घासत, सारवत जाते. पहिल्या फेऱ्या लांब लिंकवर, शेवटच्या आखूड लिंकवर. लिफ्टचा दांडा पोझिशनवर ठेवा. साखळ्या ताणून बांधा, नाहीतर तिरके पाते टायरला लागते. पाते मागच्या आसाच्याही मागे असते, म्हणून पुढचे चाक उंचवट्यावर चढले की पाते खाली घुसते, आणि चाक खड्ड्यात गेले की वर उठते. रानात लाटा पडतात त्या याच कारणाने. घाईने एका खोल फेरीत काम उरकू नये. हलक्या फेऱ्या घ्याव्यात, एक उभी झाली की दुसरी कोनाकोनी. पाते उलटे फिरवून मागे ढकलता येते, पण ते सैल मातीपुरतेच. त्यात लिफ्टचे हात वाकतात.

काळ्या रानात वापसा नसताना अजिबात जाऊ नका. वरून गुळगुळीत दिसते, खाली तवा बसतो.

वरची माती सांभाळा. याबाबतीत चूक आमचीही झाली आहे. एका सभासदाच्या प्लॉटची वरची बाजू सहा इंच खरवडायला आम्हीच सांगितले. खाली चुनखडी होती. त्या पट्ट्यात ऊस केवड्याने पिवळा पडला आणि शेजारची लागण कांड्यावर आली तरी हा गुडघ्याएवढाच राहिला. आता आम्ही आधी खड्डा घेऊन बघतो. खोल काढायचेच असेल तर वरची माती बाजूला ओढून ठेवावी, खालची सारखी करावी, मग वरची परत पसरावी, आणि खरवडलेल्या पट्ट्यात ताग किंवा धैंचा गाडावा. भरीची माती बसते, म्हणून एक पाणी देऊन वापशावर पुन्हा हलकी फेरी घ्यावी.

उतार पूर्ण काढू नका. सरीला शंभर फुटांत अडीच ते साडेतीन इंच उतार राहू द्या, भारी रानात कमीच. साफ सपाट भारी रानात पाणी साचून काय होते ते कृष्णाकाठच्या चोपण रानांत जाऊन पाहावे.

आणि बांध. पाते तिरके धरून बांधाच्या कडेने गेले की दरवर्षी चार बोटे बांध आपल्याकडे येतो, हे आम्हाला ठाऊक आहे आणि शेजाऱ्यालाही ठाऊक आहे. त्याचा निवाडा शेतकी खाते करीत नाही.

पाणंदीला मात्र हेच पाते लावा. पहिल्या वळवानंतर, माती ओलसर असताना, कडेकडून मध्याकडे माती ओढून मधोमध उंचवटा करा आणि कडेची चारी मोकळी करा. दोन सकाळींचे काम आहे. गळितात गाड्या फसून तुमचाच ऊस फडात वाळतो, तेव्हा गटाफिसात येऊन भांडण्यापेक्षा हे परवडते. चार-पाच जणांत मिळून एक पाते घेतले तरी चालेल.

शेवटी एक गोष्ट, जी आम्ही लिहावी की नाही याचा विचार बरेच दिवस केला. बैलांच्या फळीवर वजनाला पोर बसवायची आपली पद्धत. आपण सगळेच बसलो आहोत, मजा यायची. मागल्या उन्हाळ्यात एका गटात ट्रॅक्टरच्या पात्यावर असाच दहा वर्षांचा मुलगा बसवला होता. सकाळी आम्ही त्याच वाटेने मोटारसायकलवरून गेलो. पोराने हात केला, आम्हीही हसून हात केला आणि पुढे निघून गेलो. दुपारी पाते बाभळीच्या बुडख्याला अडखळले, पोर पुढे पडले आणि पाते पायावरून गेले. जीव वाचला. पाय सरळ झाला नाही. त्याच्या वडिलांना आम्ही काय बोलणार?

पात्याला वजन हवे तर वाळूची पोती तारेने करकचून बांधा किंवा जुने लोखंड लावा. ट्रॅक्टर चालू असताना आणि पाते उचललेले असताना मागे कोणी उभे राहायचे नाही. पिन बदलायची तर आधी पाते जमिनीवर टेकवायचे. पात्यावर पोर बसलेले दिसले तर आमचे कर्मचारी इथून पुढे ट्रॅक्टर थांबवतील. राग मानायचा तर माना.

उतार मोजायला पाण्याची लेव्हल नळी प्रत्येक गटाफिसात आहे. सही करून घेऊन जावी, आणि परत आणताना धुऊन आणावी.

— ऊस विकास अधिकारी